गळती शोधली चाळकेवाडीत, बुजवली माणदेशात : जुन्या कॅम्परच्या टपाची वारी

जुन्या गाडीचा टप गळत असेल तर दुरुस्तीला सातारा जिल्ह्यासारखी जागा नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशेब साधा आहे. गळती नेमकी कुठून होते ते कळायला धो धो पाऊस लागतो आणि ती बुजवायला कोरडा पत्रा. पुण्यात जुलैमध्ये धड हेही मिळत नाही आणि तेही नाही. साताऱ्यात दोन्ही एकाच आठवड्यात मिळतं. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या माण तालुक्यात जेमतेम ५००.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. आत पलंग, ओटा, बेसिन. टपावर हवेसाठी एक झडप, सोलर पॅनेल आणि सामानाचं कॅरियर. म्हणजे पत्र्याला पडलेली भोकं किती ते मोजायलाच नको. आधीच्या कुणा कारागिरानं प्रत्येक भोकावर सिलिकॉन थापलं होतं, ते सुटलं तेव्हा त्यावर आणखी सिलिकॉन. पलंगाच्या उशाशी छताचा प्लाय फुगून काळा पडला होता.

साताऱ्यातून बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगड फाटा, ठोसेघर आणि पुढं चाळकेवाडीचं पठार. धबधब्यासाठी लोक ठोसेघरलाच थांबतात, पण गळतीसाठी वर पवनचक्क्यांपर्यंत जायला हवं, कारण तिथला पाऊस आडवा येतो. सरळ पडणाऱ्या पावसात आमचा टप बऱ्यापैकी धरत होता. आडव्या माऱ्यात पाणी झडपेच्या चौकटीखाली आणि पन्हळीच्या जोडात खालून वर घुसतं. रस्ता अरुंद आहे आणि धुकं आलं की समोरचं वळण दिसत नाही, म्हणून उजेडात चढा, उजेडात उतरा. पठारावर मुक्काम नको. कासच्या बाजूला तर नकोच. ते संरक्षित पठार आहे, आपलं वर्कशॉप नाही.

चढण्याआधी दोन कामं करून ठेवा. छताचा प्लाय आणि त्यामागचा थर्माकोल काढून पत्रा उघडा करा, आणि छतातल्या वायरींचा मेन स्विच बंद करा. मग आत टॉर्च घेऊन उताणं पडायचं. पाणी जिथं ठिबकतं तिथून ते आत येत नाही, हे वाचलेलं असतं, पण बघितल्यावरच पटतं. आमच्याकडं एक थेंब झडपेच्या मागच्या कोपऱ्यातून आत आला, पत्र्याखालच्या आडव्या पट्टीच्या कडेनं हातभर चालत गेला, वायरीच्या क्लिपपाशी थबकला, तिथं फुगला आणि एका स्क्रूच्या टोकावरून थेट उशीवर पडला. त्या स्क्रूवरच वरून सिलिकॉनचा डोंगर चढवलेला होता. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

पाण्याची वाट सापडली की ती उलट दिशेनं खडूनं आखत जायची. ओल्या पत्र्यावर खडू उठत नाही, तिथं टाल्कम पावडर भुरभुरायची, ओघळ पांढऱ्यात स्पष्ट दिसतो. गाडी थोडी नाक खाली करूनही उभी करून बघा. सपाट जागेवर कोरडी राहणारी झडप उतारावर गळू शकते, कारण तिच्या मागं तळं साचतं. पाऊसच नसेल तर नळीनं पाणी मारायचं, पण खालून वर, एका वेळी एकच जोड, आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबून. सगळीकडं एकदम मारलं तर काहीच कळत नाही.

खाली साताऱ्यात गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका काकांकडं गेलो. टपाच्या सिलंटबद्दल, म्हणजे फटी बुजवणाऱ्या चिकट मलमाबद्दल, विचारायचं तर यांनाच, कारण पुढची काच ते ज्या काळ्या पीयूनं (पॉलीयुरेथेनच्या रबरी सिलंटनं) चिकटवतात ते वर्षानुवर्षं हादरे सोसतं. त्यांनी आमच्या टपाचा फोटो बघितला आणि म्हणाले, "ह्ये आदी समदं खरवडा. ह्याच्यावर काय बी चिटकायचं न्हाई." सिलिकॉनवर दुसरं सिलंट धरत नाही, रंग धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. शिवाय ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि पत्रा गंजायला मदत करतं. घरगुती दोन भागांची इपॉक्सी माती पाण्याच्या टाकीला ठीक. ती कडक होते, पत्रा उन्हात फुगतो-आकसतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तिला तडा जातो. गच्चीला मारतात तो पांढरा लेप टपावर मारला तर गाडी थंड राहील, पण भोक लेपानं बुजत नाही. ते फक्त दिसेनासं होतं.

सामान घेऊन कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव. घाट ओलांडला की आभाळ तेच असतं, पण पाणी थांबतं. दहिवडीच्या पुढं एका ढाब्याच्या मागं मालकाच्या परवानगीनं गाडी लावली. टपावरची खरवडाखरवड बघून तिथले एक आजोबा म्हणाले, "आमी पावसाची वाट बगतुय, आन् तुमी त्यो नगं म्हणून हिकडं आलाय व्हय?" यावर काय बोलणार!

काम सगळं खरवडण्यातच आहे. प्लॅस्टिकची पत्री, ब्लेड, मग तारेचा ब्रश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं. पत्रा स्वच्छ झाला का हे पाण्याच्या एका थेंबानं कळतं. थेंब पसरला तर ठीक, गोळी होऊन बसला तर तिथं सिलिकॉनचा पापुद्रा अजून आहे. गंजाचे ठिपके चकचकीत पत्र्यापर्यंत घासून इपॉक्सी प्रायमर लावला. झडपेची चौकट पूर्ण काढली. चौकटीच्या कडेनं वरून रेघ ओढणं हा तात्पुरता इलाज असतो, खरी सील चौकटीच्या खाली हवी. तिथं ब्यूटाइल रबराची मऊ चिकट पट्टी, प्रत्येक भोकात थोडं सिलंट आणि मग स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. एकदम करकचून नको, ब्यूटाइल सावकाश दबतं. दुसऱ्या दिवशी अर्धा फेरा पुन्हा. बाहेर आलेली पट्टी कापून त्यावर पीयूची रेघ. पन्हळीच्या जोडालाही पीयूच. कॅरियरची नको असलेली भोकं सिलंटवर उगाच भरवसा न ठेवता पत्र्याचा तुकडा आणि रिव्हेट मारून बंद केली.

माणदेशाचा एक तोटा आहे, तो म्हणजे वारा आणि धुरळा. ताज्या सिलंटवर माती बसली की रेघ खरबरीत होते. म्हणून काम सकाळी, वारा उठायच्या आत आणि भिंतीच्या आडोशाला. दुपारी पत्रा तापतो, सिलंटवर साय लगेच धरते आणि आत बुडबुडे येतात. टपावर चढताना दोन आडव्या पट्ट्यांवर टेकेल अशी फळी टाका, नाहीतर पत्रा बसेल आणि कायमचं डबकं तयार होईल.

पीयू हवेतल्या ओलाव्यानं, २४ तासांत साधारण २ ते ३ मिलिमीटर खोल सुकतं. जाड रेघेला दोन-तीन दिवस गाडी हलवायची नाही. पलीकडंच गोंदवलं आहे. ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीचं दर्शन आणि दुपारचा प्रसाद, वेळ बरा जातो. उघड्यावरच्या पीयूला उन्हानं भेगा पडतात, म्हणून सुकल्यावर त्यावर पांढरा रंग मारून घ्या.

परत चाळकेवाडी. आडवा पाऊस, झडप कोरडी, पन्हळ कोरडी. तरीही पहाटे पट्ट्यांवर थेंब! ही गळती नव्हे. सज्जनगड फाट्याच्या खाली मुक्काम केला होता, बंद खिडक्यांत दोघांचे श्वास आणि चहाची वाफ गार पत्र्यावर धरली होती. पाऊस नसलेल्या रात्रीही थेंब दिसले तर सिलंटची नळी बाजूला ठेवा आणि वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवा. टपावर एसी असेल तर त्याच्या निचऱ्याची नळी तुंबली आहे का तेही बघा.

छताचा प्लाय मात्र घाईनं ठोकू नका. चौकटीच्या लाकडात टोच्या खुपसून बघा, मऊ लागलं तर तेवढा तुकडा बदला आणि ओला थर्माकोल फेकून द्या. आमचं छत अजून उघडंच आहे. वायरी लोंबतात, पाहुणे नाक मुरडतात, पण नवरात्रापर्यंत ते तसंच राहणार.