जुन्या सिंथचे कपॅसिटर: कुठे काय चालतं

जुन्या सिंथेसायझरचा बोर्ड उघडला की सगळेच कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) बदलायची खुमखुमी येते. आधी तो कपॅसिटर त्या जागी काय काम करतो ते बघा.

पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक (आत ओलसर द्रव असलेले डबीसारखे कपॅसिटर) बिनधास्त बदला. वरून फुगले नसले तरी आतून सुकलेले असतात, आणि आवाजात १०० हर्ट्झची घरघर येते. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या जागी ३५ व्होल्टचा, १०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकणारा चालतो. व्हॅल्यू दीडपट झाली तरी बिघडत नाही. चौपट केली तर स्विच टाकताना करंटचा झटका बसून फ्यूज उडू शकतो. नव्या कपॅसिटरच्या पायांमधलं अंतर बहुधा कमी असतं. पाय ताणून बसवू नका, एकपदरी बोर्डाचे पॅड लगेच उखडतात.

टँटलम (त्या धातूचा छोटा, थेंबासारखा कपॅसिटर) हे मुळात भांडखोर. खराब झाला की शॉर्ट होतो आणि पूर्ण रेल (सप्लायची व्होल्टेज लाइन) खाली ओढतो. १५ व्होल्टच्या रेलवर १६ व्होल्टचा टँटलम दिसला तर त्या जागी ३५ व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावा. लावताना खूण नीट बघा: टँटलमवर खूण धन पायाला असते, इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण पायाला. घाईत इथेच उलटा बसतो.

आवाजाच्या वाटेवर 'बीपी' किंवा 'एनपी' लिहिलेला असेल तर तिथे बायपोलरच (धन-ऋण पाय नसलेलाच) हवा. १ मायक्रोफॅरडपर्यंत ६३ व्होल्टचा फिल्म कपॅसिटर ५ मिलिमीटरच्या भोकांत बसतो, आणि तो सुकतही नाही.

खरी गोची ऑसिलेटरपाशी, म्हणजे सूर तयार करणाऱ्या सर्किटपाशी. १९८२ च्या रोलंड एसएच-१०१ मध्ये सीईएम ३३४० ही चिप आहे. तिच्या डेटाशीटमध्ये टायमिंग कपॅसिटर (सुराची उंची ठरवणारा) १००० पीएफचा (पिकोफॅरडचा) दाखवलाय. तिथे स्वस्तातला एक्स७आर जातीचा सिरॅमिक लावलात तर तापमान आणि व्होल्टेजनुसार व्हॅल्यू हलते, सूर घसरत राहतो. नुसत्या तापमानानेच १५ टक्क्यांपर्यंत फरक त्या जातीत मान्य आहे! पॉलिस्टायरीन (प्लास्टिक फिल्मचा) किंवा एनपीओ (तापमानाने न हलणारा सिरॅमिक) घ्या. फिल्टरच्या कपॅसिटरनाही हेच लागू. मूळचा पॉलिस्टायरीन शाबूत असेल तर त्याला हातच लावू नका. बदलावाच लागला तर डाग देताना (सोल्डर करताना) नव्याच्या पायाला उष्णता शोषणारा चिमटा लावा, कारण हा प्लास्टिकचा जीव उष्णतेने वितळतो. शेजारी साफसफाईला अ‍ॅसिटोनही नको.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे घेतलेत तर लावण्याआधी प्रत्येक नग एलसीआर मीटरवर (कपॅसिटरची व्हॅल्यू मोजणाऱ्या मीटरवर) मोजा.