तुम्ही विचारलंत म्हणून : फिरतीवरची संध्याकाळ

"फिरतीवर तुम्हाला झोप लागते कशी? आणि रिपोर्ट नक्की लिहिता तरी कधी?" खतं-बियाणं, औषधं, विमा, ऑडिट अशा कामांनी सातारा-सांगली पट्ट्यात फिरणारी नवी मुलं-मुली हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारतात. विचारतात ते बरोबरच आहे. रिपोर्ट राहिला की तो उशाशी येऊन बसतो, झोप लांबते, आणि अपुऱ्या झोपेत दुसऱ्या दिवशीच्या भेटी नुसत्या उरकल्या जातात. म्हणून माझं उत्तर एका सवयीपासून सुरू होतं. दिवसाचं काम कॉटवर न्यायचं नाही.

शेवटची भेट झाली की गाडी सुरू करण्याआधी पाच मिनिटं काढा. दुकानाबाहेरचा बाक, एसटी स्टँड, कुठलीही जागा चालते. वहीच्या डाव्या पानावर आज कोणाला काय कबूल केलं ते लिहायचं. "पाटील, नमुने पाठवणे" अशी नोंद दोन दिवसांनी वाचली तर काहीच सांगत नाही. गाव, दुकान, वस्तू, संख्या, वार एवढं हवंच: "पलूस, स्टँडजवळचं दुकान, १ लिटरचे ६ नमुने, गुरुवारी ट्रान्सपोर्टने." उजव्या पानावर उद्याच्या पहिल्या तीन भेटी, त्यांची वेळ आणि कुठल्या रस्त्याने जायचं ते. तीनच लिहा. सगळा दिवस आखायला बसलात तर पाच मिनिटांची पंचवीस होतात आणि चौथ्या दिवशी सवय सुटते.

या यादीचा झोपेशी थेट संबंध आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाने २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात निम्म्यांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहायला सांगितली होती आणि निम्म्यांना पूर्ण झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितका फरक जास्त. राहिलेलं काम मेंदू घोकत बसतो. ते कागदावर उतरलं की घोकायचं कारण उरत नाही. म्हणून वही कागदाची असावी. यादीसाठी मोबाइल उघडला की आधी ग्रुपवरचे मेसेज दिसतात, आणि मग यादी राहूनच जाते.

मुक्कामी पोचल्यावर चाळीस मिनिटं टेबलावर बसायचं. चहा-आंघोळीआधी, बूट पायात असतानाच. अंगावर कामाचे कपडे असतात तोवर काम होतं, कपडे बदलले की शरीर सुट्टीवर जातं. आधी ऑर्डर आणि वसुलीचे आकडे, कारण तिथली चूक पैशांत मोजावी लागते. मग रिपोर्ट, शेवटी खर्चाची बिलं. पेट्रोल पंपाची पावती थर्मल कागदावर छापलेली असते. ती डॅशबोर्डवर उन्हात राहिली किंवा प्लास्टिकच्या पाकिटात दाबून ठेवली की महिनाअखेरीला कोरी दिसते, म्हणून फोटो त्याच संध्याकाळी काढा. रिपोर्ट ॲपमध्ये थेट भरण्यापेक्षा आधी नोट्समध्ये लिहा आणि मग चिकटवा. लॉजमधले सगळे पाहुणे खोलीत आले की वायफाय मंदावतं, आणि अर्धा भरलेला फॉर्म उडाला की त्या रात्री तो पुन्हा भरायची इच्छा राहत नाही. उद्या पाटणच्या खोऱ्यात किंवा माण-खटावच्या माळावर जायचं असेल तर नकाशा आणि दरपत्रक आत्ताच फोनमध्ये उतरवून ठेवा, तिथे रेंजचा भरवसा धरू नये.

खोलीत टेबल नसेल तर कॉटवर लॅपटॉप घेऊन बसू नका. मान तर दुखतेच, शिवाय ती जागा कामाची आहे असं डोक्यात बसतं. बहुतेक लॉजचा जेवणाचा हॉल संध्याकाळी सहा ते सात रिकामा असतो. व्यवस्थापकाला विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

इथे द्राक्षपट्ट्यात फिरणाऱ्यांची अडचण खरी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या कृषी सेवा केंद्रांत खरी गर्दी संध्याकाळी सहानंतरच होते, कारण शेतकरी बागेतून तेव्हा मोकळा होतो. साडेआठपर्यंत तुम्ही दुकानातच. अशा दिवसांत रिपोर्टचे दोन तुकडे करा. दुपारी दोन ते चार दुकानं थंड असतात, तेव्हा सकाळच्या भेटींचा रिपोर्ट लिहून टाका. संध्याकाळच्या भेटींची फक्त डाव्या पानावरची नोंद घ्या आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी वीस मिनिटांत. रात्री दहाला लॅपटॉप उघडून सगळं संपवण्याचा हट्ट मला चुकीचा वाटतो. तेव्हा लिहिलेल्या आकड्यांत चुका राहतात, त्या निस्तरायला सकाळची वीस मिनिटं जातातच.

आता खोली. झोपेच्या तक्रारी ऐकल्या की त्यांतल्या बऱ्याचशा खोली घेतानाच टळल्या असत्या असं वाटतं. सामान वर नेण्याआधी खोली बघायला मागा. रस्त्याकडची बाल्कनी दिवसा छान दिसते. पण ऊस गळिताच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, कराड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), पलूसकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर धावतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची गाणी मोठ्याने चालू असतात. रात्री जागं राहायला ड्रायव्हरला ती लागतात, त्याच्यावर राग धरून उपयोग नाही, आपण मागच्या बाजूची खोली घ्यावी. लिफ्टला लागून, स्वयंपाकघराच्या वर, पाण्याच्या पंपाशेजारी या तिन्ही जागा टाळा. लॉजचा पंप पहाटे टाकी भरायला चालू होतो. पंखा पूर्ण वेगावर दोन मिनिटं चालवून बघा. टकटक येत असेल तर तेव्हाच खोली बदलून घ्या, रात्री अकराला कोणी येत नाही.

तरीही पहिल्या रात्री झोप थोडी हलकीच लागणार, तो तुमचा दोष नाही. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग, त्यांच्या मोजणीत डावा, दुसऱ्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि आवाजाला चटकन जागा होतो. एका अर्थाने तो पहारा देतो. नंतरच्या रात्रींत हा फरक निवळतो. यातून दौरा आखायचा धडा मिळतो. तीन रात्री तीन गावांत काढण्यापेक्षा तिन्ही रात्री एकाच ठिकाणी काढा. कराडला मुक्काम धरला की पाटण, विटा, आष्टा यांतल्या कुठेही दिवसात जाऊन परत येता येतं. पेट्रोल थोडं जास्त जळतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीची झोप पूर्ण मिळते. पुढच्या महिन्यातही तेच लॉज आणि जमलं तर तीच खोली मागा.

खोलीत बदलण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे उजेड. लॉजमध्ये पांढरीफेक एलईडी ट्यूब असते. तिच्या उजेडात निळा भाग जास्त असतो आणि तो डोळ्यांतून मेंदूला अजून दिवस आहे असंच सांगत राहतो, त्यामुळे झोपेची वेळ कळवणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं. उपाय तीस-चाळीस ग्रॅमचा आहे. पिनच्या होल्डरचा ३ ते ५ वॅटचा पिवळा बल्ब, खोक्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिलेला, बॅगेत ठेवा. कॉटजवळच्या किंवा आरशावरच्या होल्डरमधला बल्ब काढून हा लावायचा, काढण्यापूर्वी बटण बंद आणि बल्ब गार झालेला असावा. होल्डर पिनचा नसेल तर बाथरूमचा दिवा लावून दार अर्धवट लोटून घ्या. पडदे मध्ये थोडे उघडे राहतात, त्यांना कपड्यांचे चार चिमटे पुरतात. सेट-टॉप बॉक्सच्या दिव्यावर टॉवेल टाकू नका, तो तापतो. भिंतीवरचं बटण बंद करा.

सांगलीत कृष्णाकाठाजवळ राहिलात तर संध्याकाळी सहा ते साडेसात खिडक्या बंद ठेवा, डास तेव्हाच आत येतात. उशी-चादरीचं म्हणाल तर स्वतःची एक उशीची खोळ आणि सोलापुरी चादर न्या. ओळखीचा वासही झोपेला मदत करतो, आणि साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत लॉजचं पातळ ब्लँकेट पहाटे पुरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत मुक्काम असेल तर झोपण्यापूर्वी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघून ठेवा. तिथे ४० फूट इशारा पातळी आहे आणि ४५ फूट धोका पातळी. पाणी चढत असेल तर खोली नदीपासून लांब, विश्रामबागेकडे घ्या म्हणजे रात्री मन तिकडे राहत नाही.

चहा हा फिरतीतला अवघड भाग. प्रत्येक दुकानात कप पुढे येतो आणि नाही म्हटलं की माणूस दुखावतो. चहातल्या झोप उडवणाऱ्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून उतरायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे सहा वाजता घेतलेल्या चहातला निम्मा रात्री अकरालाही अंगात असतो. चारनंतर "दादा, चहा नको, ताक चालेल" किंवा "पाणी द्या, ऊन फार आहे" असं स्वतःहून आधीच मागा. काहीतरी मागून घेतलं की पाहुणचार पूर्ण होतो. कप समोर आल्यावर नाही म्हणणं जड जातं.

रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आटपलेलं चांगलं. तांबडा रस्सा, तळलेलं आणि भात एकदम पोटात घेऊन आडवं झालं की जळजळ वर येते. डाव्या कुशीवर झोपल्यास ती कमी होते. खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं किंवा मुगाची उसळ, कांदा एवढं मागितलं तर मिळतं. व्यापाऱ्याने नऊ वाजता जेवायला नेलंच तर सातला दोन केळी किंवा मूठभर भडंग खाऊन जा, म्हणजे ताटावर हात आवरता येतो. दारूने झोप लवकर येते हे खरं, पण उत्तररात्री ती तुटते, तहान लागते आणि सकाळ जड जाते. जेवणानंतर शतपावली पंधरा मिनिटांची करा. साताऱ्यात पोवई नाक्याकडून राजवाड्याच्या दिशेने वर्दळीचा, उजेडाचा रस्ता आहे. सांगलीत गणपती मंदिराच्या परिसरात चालता येतं.

आंघोळ झोपण्याच्या तास-दीड तास आधी, कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्याने. गरम पाण्याने हातापायांकडे रक्त खेळतं, मग शरीरातली उष्णता बाहेर पडून आतलं तापमान उतरतं, आणि झोप यायला तेच उतरणं लागतं. अगदी झोपण्याच्या तोंडावर आंघोळ केली तर अंग तापलेलंच राहतं. अनेक लॉजवर गरम पाणी फक्त सकाळी असतं. तेव्हा खाली एक बादली गरम पाणी सांगा आणि दहा मिनिटं पाय बुडवून बसा. मधुमेह असेल तर पाण्याचा चटका पायाने नव्हे, हाताच्या कोपराने तपासा. पायाची जाणीव कमी झाली असेल तर भाजलेलं कळत नाही.

घरी फोन याच वेळी करावा, दिवे पिवळे झाल्यावर. कामाचा फोन मात्र साडेआठनंतर घेऊ नका. वरिष्ठांना एकदाच स्पष्ट सांगा, "साहेब, आठपर्यंत रिपोर्ट मिळेल, नंतर सकाळी सातला मी फोनवर आहे." रिपोर्ट खरोखर आठला जात असेल तर बहुतेक साहेब हे मानतात. दोनदा चुकला की नवाचा फोन पुन्हा सुरू होतो.

फोन कॉटपासून लांब, टेबलाजवळच्या सॉकेटला चार्जिंगला लावा, गजर तिथेच वाजू द्या. रात्री दोन वाजता जाग आली तर वेळ बघू नका, बघितली की उरलेल्या तासांचा हिशेब सुरू होतो. वीसेक मिनिटं होऊन गेली असं वाटलं तर कॉटवर तळमळत पडण्यापेक्षा उठा, पिवळा बल्ब लावा, खुर्चीवर चादर घेऊन बसा. काही सुचलं तर उजव्या पानावर एक ओळ लिहा. जांभई आली की दिवा बंद करून परत आडवं व्हा.