ट्यूमरच्या तुकड्यातून ऑर्गनॉइड वाढवताना: माझा अनुभव

मी आतड्याच्या कॅन्सरवर पीएचडी करतेय आणि त्यातलं सगळ्यात चिकाटीचं काम म्हणजे पेशंटच्या ट्यूमरमधून ऑर्गनॉइड, म्हणजे त्या अवयवासारखे वागणारे पेशींचे इवले गोळे, लॅबमध्ये वाढवणं. 2009 मध्ये नेदरलँड्सला उट्रेख्टमध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या लॅबमध्ये तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एका स्टेम सेलपासून (जिच्यातून इतर पेशी तयार होतात अशी मूळ पेशी) असं इवलंसं आतडं वाढवून दाखवलं, आम्ही आजही त्याच वाटेने जातो.

ओटीतून फोन आला की हातातलं सोडून बर्फाचा डबा घेऊन पळायचं. तुकडा आतड्यातला म्हटल्यावर बॅक्टेरिया भरपूर, त्यामुळे अँटिबायोटिकच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा, बारीक कापायचा, एन्झाइम घालून पेशी सोडवायच्या, पण पार सुट्या नाही करायच्या, छोटे पुंजके राहिले तर जास्त जगतात. मग मॅट्रिजेल, म्हणजे पेशींना वाढायला आधार देणारी जेल. ते बर्फावर पातळ असतं आणि ऊब लागली की घट्ट होतं, म्हणून पिपेटच्या टिपासुद्धा आधीच गार करून ठेवायच्या. थेंब सोडला की प्लेट उलटी करून 37 डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये, नाहीतर पेशी तळाला बसतात.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. निरोगी पेशींना वाढायला बाहेरून विंट नावाचं प्रोटीन द्यावं लागतं, पण आतड्याच्या बऱ्याच ट्यूमरमध्ये विंटच्या संदेशाला लगाम घालणारा एपीसी जीन बिघडलेला असल्याने त्यांचं त्यावाचून अडत नाही, मग मीडियममधून, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवातून, विंट काढलं की निरोगी पेशी मागे पडतात आणि कॅन्सरच्या तेवढ्या उरतात! मायक्रोस्कोपखाली भिजलेल्या साबुदाण्यासारखे गोळे दिसायला लागले की खरंच जीव भांड्यात पडतो.

कन्सेंट घेताना एका पेशंटच्या मुलीने विचारलं, ताई, मग बाबांना कुठलं औषध लागू पडेल ते कळेल ना? मी स्पष्ट सांगितलं की हे अजून संशोधन आहे, गोळे वाढून औषधं तपासेपर्यंत आठवडे जातात, डॉक्टरांनी सांगितलेली केमो यासाठी अजिबात थांबवू नका. पण आशा खोटी नाहीये. 2018 मध्ये ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जी औषधं ऑर्गनॉइडवर चालली नाहीत ती त्या पेशंटवरही चालली नव्हती, आणि निरुपयोगी केमोचा त्रास वाचणं ही काय लहान गोष्ट आहे का?

इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार, मात्र अशी तपासता येत नाही कारण ऑर्गनॉइडमध्ये इम्यून पेशीच नसतात. त्यासाठी पेशंटच्याच रक्तातल्या टी सेल्स (एक प्रकारच्या इम्यून पेशी) सोबत वाढवाव्या लागतात, सध्या तेच शिकतेय.