कोलाब्यात अकरानंतर नव्या बारमध्ये शिरू नका

बसलेल्या ठिकाणीच बसून राहा, सव्वाबाराला उठा आणि शेवटच्या लोकलसाठी चर्चगेट गाठा. एवढं ठासून सांगतोय, कारण 'मुंबईकरांचे खास अड्डे' म्हणून फिरणाऱ्या एका यादीने आम्हा चौघांना ऐन अकरा वाजता कोलाब्यातल्या एका लाउंजमध्ये नेऊन बसवलं. तिथे एकही मुंबईकर नव्हता. होते ते आमच्यासारखेच, बाहेरून आलेले, यादी वाचून आलेले.

दोन-तीन किलोमीटर चालायची तयारी, चार्ज केलेला फोन, थोडी रोकड आणि वयाचा पुरावा तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. आपल्याकडे बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं लागतात. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, 'परमिट रूम' हे नावही त्यातूनच आलं. दारू पिण्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, आजन्म १००० रुपयांचा. वरचेवर पिणाऱ्याने आजन्म काढून टाकावा.

सुरुवात फोर्टमधून करा. कॅफे युनिव्हर्सल हे जुनं इराणी हॉटेल सीएसएमटीपासून चालत जाण्याजोगं आहे. एक बीअर घ्या, निघा. पुढे लिओपोल्ड (१८७१ चं, भिंतीत २६ नोव्हेंबर २००८ च्या गोळ्यांच्या खुणा) आणि मॉन्डेगार (मारिओ मिरांडांची चित्रं भिंतभर) लागतात. दोन्ही बघण्यासारखी आहेत, पण मुंबईकर माणूस रोजच्या बैठकीला तिथे जात नाही.

तो जातो गोकुळला. ताजच्या मागे, टुलक रोडवर. कॉलेजची पोरं, पत्रकार, सुटाबुटातले ऑफिसवाले, सगळे खेटून बसलेले. दिवे भगभगीत, गोंगाट भरपूर, आणि दारू त्या भागाच्या मानाने खूपच स्वस्त. शनिवारी आठच्या आत पोचा, नाहीतर दारात उभं राहावं लागेल. चकणा मागवा, जेवणाच्या फंदात पडू नका. कबाब खायचे तर शेजारीच बडेमियाँ आहे. आम्ही गोकुळलाच थांबायला हवं होतं. माझा निकाल स्पष्ट आहे: दक्षिण मुंबईत एकच रात्र असेल तर गोकुळ, दुसरं काही नाही.

आता त्या लाउंजचं बिल. पेग सांगितला की तिथे न विचारता साठ मिलीचा भरत होते. मेनूवरचा ठळक भाव मात्र तीसचा. साध्या परमिट रूममध्ये वेटर आधी विचारतो, 'तीस की साठ?' क्वार्टर मागवली तर सीलबंद बाटली टेबलावर येते आणि सील आपल्यासमोर फुटतं. लाउंजमध्ये सगळं काउंटरमागे. पाण्याचा विषय काढला नाही तर महागाची बाटली येते. त्यावर भांडू नका, कारण हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच मोकळीक दिली आहे. बसल्या बसल्या 'साधं पाणी' म्हणून सांगा, ते फुकट मिळतं.

भांडायचं ते सर्व्हिस चार्जवरून. एकूण बिलावर दहा टक्के लावले होते आणि वर त्या रकमेवर जीएसटीही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. मॅनेजर म्हणाला, 'सर, हे हॉटेलचं धोरण आहे.' मी म्हटलं, तुमचं धोरण मला लागू नाही, काढा. मग तो कुणाला तरी फोन करत बसला, कॅशियर मशीन बंद पडलंय म्हणू लागला. शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करतो म्हटलं, तेव्हा नवीन बिल आलं. दारूवरचा व्हॅट मात्र भरावाच लागतो, तो खरा कर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ५ वरून १० टक्क्यांवर गेला, २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही चढलं, त्याविरोधात १४ जुलैला बारवाल्यांनी बंदही पाळला. तेव्हा जुने भाव डोक्यात ठेवून जाऊ नका.

या हुज्जतीत शेवटची लोकल गेली. चर्चगेटहून ती एकच्या आसपास सुटते आणि मग पहाटे चारपर्यंत काही नाही. कोलाब्यातून चर्चगेटला चालत पंचवीस मिनिटं लागतात, हे धरून उठायचं.

लोकल गेली की टॅक्सीवाल्यांचं राज्य. दादरला जायचं म्हटल्यावर पहिल्याने ८०० सांगितले, दुसऱ्याने मानच हलवली. हिशोब मांडून दाखवतो. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला साधारण पावणेएकवीस. बारा किलोमीटरचे अडीचशे होतात. रात्री बारा ते पाच पंचवीस टक्के जास्त, म्हणजे ३१० च्या घरात. आठशे ही सरळ लूट आहे. बारसमोर उभ्या असलेल्या टॅक्सीत बसूच नका. रीगल सिनेमाच्या चौकापर्यंत चालत या आणि चालती टॅक्सी थांबवा. आम्हाला तिथेच मीटरने नेणारा भला माणूस भेटला, त्याला वरचे पैसे आनंदाने दिले.

रविवारी वांद्रे. पाली नाक्यावरचं जनता, मग टोटोज गराज. दोन्ही उत्तम, काही अडलं नाही. जनतामध्ये शेंगदाणे, बीअर आणि गप्पा. आवाज चढवून बोलावं लागतं. हिल रोडवरचं यॉट त्याहून स्वस्त, पण ज्यांना बसायला जरा नीट जागा हवी त्यांनी जनताच धरावं.

परतताना एक लक्षात ठेवा: वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा येत नाही. दादरकडे उतरला असाल तर नाक्यावरून वांद्रे स्टेशनपर्यंत मीटरने रिक्षा, पुढे लोकल. रिक्षालाही बारानंतर मीटरवर पंचवीस टक्केच वाढतात, 'नाइट का डबल' म्हणणाऱ्याला सोडून पुढची बघा, मिळते.