घट बसायच्या आधी: अंगणातलं जुनं वॉशिंग मशीन

पितृपक्ष लागला की आमच्या खटाव तालुक्यात घराघरांतून वाकळा, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, बाहेर निघतात. घट बसायच्या आत घरातलं सगळं कापड पाण्यातून निघालं पाहिजे, हा नियम. वाकळा, चादरी, अभ्रे, पडदे, अगदी ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं, वर्षभर कुणी अंगावर न घेतलेलं अंथरूणसुद्धा. ट्रॉली भरून येरळेवर जायचं, भाकरी बांधून न्यायची, खडकावर बडवून धुवायचं, तिथेच वाळत घालायचं आणि दिवस कलला की घडी घालून परत यायचं. लहानपणी मला ती सहल वाटायची. ओली वाकळ उचलायला दोन माणसं लागतात, हे पुढं स्वतः उचलायची वेळ आल्यावर कळलं.

आईचे गुडघे आता नदीत उतरण्यासारखे राहिलेले नाहीत. शिवाय भाद्रपदात पात्रात कुठं किती खोल आहे याचा भरवसा नसतो. तेव्हा धुणं अंगणातच करायचं ठरलं आणि गोठ्याशेजारच्या खोलीतलं जुनं मशीन आठवलं. १९९३ साली पुण्यात घेतलेलं, दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक. दूरदर्शनवरच्या जाहिराती बघून तेव्हा मध्यमवर्गाच्या घरांत अशी मशिनं शिरत होती. आमचंही त्यातलंच. पुण्याच्या घरी नवीन आल्यावर ते गावी आलं आणि त्यावर पेंडीची पोती बसली.

"ते येडं यंत्र वाकळा धुणार व्हय?" आई म्हणाली. तिचं म्हणणं निम्मं बरोबर निघालं, पण ते पुढं.

नवीन फुल्ली ऑटोमॅटिक का नाही आणलं, असं भावानं फोनवर विचारलं. त्याला नळाला दाब लागतो. आमची टाकी न्हाणीच्या पत्र्यावर, नळाची धार करंगळीएवढी. पाणी वेळेत भरलं नाही की ते मशीन शिट्ट्या मारत अडून बसतं. जुन्याला असले नखरे नाहीत. बादलीनं पाणी ओता, बंबातलं गरम पाणी मिसळा, टायमर पिळा, वाटेल तेव्हा झाकण उघडून आत बघा. खाली चाकं आहेत, रिकामं असताना एकटा माणूस ढकलत नेतो. उघड्यावर धुवायचं तर यासारखं यंत्र नाही, असं माझं मत झालंय.

मशीन बाहेर काढलं ते आधी पालथं घातलं. या मशिनांची बूड उघडी असते आणि उंदरांना ते ठाऊक असतं. आत कापसाचं घरटं होतं, दोन वायरी कुरतडलेल्या होत्या. वडूजहून मोटर रिवाइंडिंगवाल्याला बोलावलं. पाणबुड्या मोटरी भरण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला वॉशिंग मशीन म्हणजे पोरखेळ. त्याला उघडून काम करताना बघितल्यावर मला हे यंत्र कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आत दोन वेगळ्या मोटरी असतात. धुण्याच्या टबाची मोटर बेल्टनं तळाची चक्री फिरवते. छोटी पुली मोटरवर, मोठी चक्रीखाली, त्यामुळे वेग उतरतो आणि जोर वाढतो. टायमर ही मोटर थोडा वेळ उजवीकडं, थोडा वेळ डावीकडं चालवतो, म्हणून कपड्यांचा दोर वळत नाही. दुसरी मोटर स्पिनरची, म्हणजे पिळणाऱ्या टबाची, तिला बेल्ट नाही, टब थेट तिच्या दांड्यावर. दोन्हींना आपापला कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला लावणारा छोटा डबा. आमची धुण्याची मोटर चालू केली की नुसती घूं करत जाग्यावर थरथरायची. मिस्त्रींनी बेल्ट काढला आणि लाकडाच्या काडीनं पुलीला धक्का दिला, तशी ती ज्या बाजूला ढकलली त्या बाजूला फिरायला लागली. "मोटर जिवंत हाय, कंडेन्सर गेलाय." जुन्यावर १० मायक्रोफॅरड लिहिलं होतं, तेवढ्याचाच नवीन बसवला. तो धडा माझ्या कामाचा: मोटर घूं करत अडली आणि धक्क्यानं फिरली तर कंडेन्सर, एकाच बाजूला फिरून दुसऱ्या बाजूला अडली तर आधी टायमर बघायचा. मात्र धक्क्याचं काम वीज चालू असताना करावं लागतं आणि कंडेन्सर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो, तेव्हा ते जाणत्याकडंच सोडावं. बेल्टला चिरा पडल्या होत्या. जुना बेल्ट दुकानात नेऊन त्याच्या मापाचा आणला, कारण मशीनवरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत. बुडाला बारीक जाळी ठोकली.

जागा ठरवायला अर्धी सकाळ गेली आणि ती जायलाच हवी. या मशीनमध्ये घाण पाणी उपसणारा पंप नाही. पाणी उतारानं, स्वतःच्या वजनानं जातं. नळी वर अडकवली की टब भरलेला राहतो, खाली सोडली की रिकामा होतो, एवढंच. म्हणजे मशीन मोरीपेक्षा उंचावर पाहिजे. सिमेंटचे ठोकळे लावून वर शहाबादी फरशी टाकली, पाण्यानं भरलेली परात ठेवून समपातळी बघितली. मशीन तिरकं असलं की धुण्याला फरक पडत नाही, स्पिनर मात्र अंगणभर नाचतो. जागा चिंचेच्या सावलीत निवडली, कारण जुनं प्लास्टिक आधीच ठिसूळ आणि उन्हानं ते आणखी तडकतं.

विजेचं काम मी कुणाच्या 'चालतंय की' वर सोडलं नाही. ओलं अंगण, अनवाणी माणसं आणि पत्र्याचं कवच असलेलं तीस वर्षांपूर्वीचं यंत्र, हे तिन्ही एकत्र आल्यावर जाड पिनेला खरोखरची अर्थिंग लागते. आमच्या जुन्या घराला ती नव्हतीच. वायरमननं खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंग करून दिली आणि बाहेरच्या लाइनीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गळतीचा करंट तेवढा झाला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. बोर्ड छातीच्या उंचीवर, वायर जमिनीला न टेकता. मशीनमध्ये हात घालण्याआधी प्लग काढायचा, ही सक्ती पोरांपासून आईपर्यंत सगळ्यांना. धुणं सकाळीच उरकायचं ठरलं. संध्याकाळी दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम लागले की व्होल्टेज बसतं आणि मोटर पुन्हा घूं घूं करते. नवा कंडेन्सरही त्याला काही करू शकत नाही.

आता वाकळा. जाड वाकळ, म्हणजे सहा-सात थरांची, मधे जुनं धोतर आणि वर इरकली लुगडं असलेली, या टबात बसत नाही. बसवली तर चक्री अडते आणि बेल्ट जळल्याचा वास येतो. आईचं 'येडं यंत्र' ते इथं. अशा वाकळांना पाय लागतात. सिमेंटच्या हौदात बंबाचं कोमट पाणी, त्यात निरमा आणि मूठभर धुण्याचा सोडा, रात्रभर भिजत ठेवायचं आणि सकाळी तुडवायचं. आमच्या बोअरचं पाणी जड, सोड्याशिवाय फेसच धरत नाही. तुडवण्याचं काम पोरांनी आनंदानं केलं. पहिलं पाणी निघालं ते चहापेक्षा काळं. हे पहिलं पाणी मशीनमध्ये जाताच कामा नये, नाहीतर टबातली धागे अडवणारी जाळीदार पिशवी भरून पाणी तुंबतं.

तीन-चार थरांच्या पातळ वाकळा, चादरी, अभ्रे मात्र टबानं सहज घेतले. पावडर आधी मगात गरम पाण्यात विरघळवायची, कोरडी टाकली की शिवणीत पांढरे कण अडकतात. पाणी हात घालवेल इतकंच गरम, उकळतं नाही, टब प्लास्टिकचा आहे. नवीन लाल ठिगळ लावलेल्या वाकळेचा रंग जातो, ती वेगळी, गार पाण्यात.

पण या मशीनचं खरं मोल धुण्यात नाही, पिळण्यात आहे. नदीवर दोन बायका वाकळेची दोन टोकं धरून विरुद्ध बाजूंना पिळतात, तरी ती दिवसभर ठिबकत राहते. भाद्रपदाच्या शेवटाला परतीचा पाऊस दुपारी कधीही येतो. अर्धवट सुकलेली वाकळ घरात आली की तिला कुबट वास लागतो आणि सगळं धुणं वाया. स्पिनर मिनिटाला १३००-१४०० फेरे घेतो. टबाची त्रिज्या वीतभरसुद्धा नाही, तरी त्या वेगाला कापडातल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपट जोर पडतो. भोकांतून पाणी सुसाट बाहेर. पातळ वाकळा बाहेर आल्या त्या ओलसर, ठिबकत्या नव्हे, आणि दुपारच्या ढगांआधी तारेवर सुकल्या.

स्पिनर भरायची एक रीत आहे. वाकळेची लांब पट्टी करायची आणि टबाच्या कडेनं वेटोळं घालत बसवायची, मधे पोकळी ठेवायची. एका बाजूला गोळा झाला की टब धाड धाड भिंतीवर आपटतो. तेव्हा झाकण उघडायचं, ब्रेक लागून टब थांबला की पुन्हा बसवायचं. टब पूर्ण थांबेपर्यंत हात आत घालायचा नाही. जुन्या मशीनचा ब्रेक सैल झालेला असतो, झाकण उघडल्यावरही टब बराच वेळ फिरतो. आमच्या मिस्त्रींनी ब्रेकची तार आवळून दिली, तरी मी पोरांना स्पिनरपाशी फिरकू दिलं नाही.

तुडवलेल्या जाड वाकळांचं काय? त्या स्पिनरमध्येही मावत नाहीत. त्या दांडीवर टाकून निथळल्या आणि मग दोन दिवस उलट-सुलट करत सुकवाव्या लागल्या. त्यांच्याबाबतीत नदीच बरी, हे मान्य.

पाण्याचाही हिशेब बघितला. साबणाचं आणि सोड्याचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं. नांदेड जिल्ह्यातून जे मॅजिक पिट राज्यभर गाजले, त्याच धर्तीवर ग्रामपंचायतीनं आमच्या आळीत खड्डे घेतलेत. सोड्याचं पाणी झाडांना घालत राहिलं तर माती घट्ट होते. शेवटच्या खळबळण्याचं पाणी मात्र केळीला आणि नारळाला दिलं. आईला ही वाटणी फार पटली. ती नळी स्वतःच इकडून तिकडं फिरवत बसली आणि मशीनविषयीचं तिचं मत तिथं जरा मऊ झालं.

काम संपल्यावर नळी पूर्ण खाली सोडून दोन्ही टब कोरडे केले, झाकणं उघडी ठेवून मशीन सावलीत वाळू दिलं. बेल्ट ओला राहिला तर घसरतो. मग पुन्हा खोलीत, पण पेंडीच्या पोत्यांखाली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकी पडदे घेऊन दारात उभ्या. "माझं बी टाकतोस का रं त्यात?" टाकतो म्हटलं, पण आधी पडद्यांचे हूक काढून आणा. एक जरी आत राहिला तरी चक्रीखाली अडकतो, आणि ती चक्री काढायचा स्क्रू तीस वर्षांत कुणी हलवलेला नाही.