पानावरची न दिसणारी पाटी

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात आठ माणसं. पतसंस्थांना ठेवी, हप्ते, पासबुक असली मोबाइलवरची पानं करून देतो. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हे राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच येतं. मग एका संस्थेचा ओळभर मेल आला: अंध सभासदांना आपलं पान चालतं का, बघून घ्या.

मी तपासणीचं साधन चालवलं. अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक 4.5 ला 1 च्या वर, बटनांना नावं आहेत, भाषा नोंदवलेली आहे. सगळीकडे हिरव्या खुणा. खरं तर तिथंच फाइल मिटली असती, पण संस्थेनं खानापूरजवळच्या एका सभासदाशी गाठ घालून दिली होती. निवृत्त मास्तर, नजर पूर्ण गेलेली. म्हटलं, जाऊन येऊ.

मास्तरांनी फोन छातीशी धरला. टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं फोनमधलं वाचक-यंत्र, चालू होतं, वेग असा की मला एक शब्द कळेना. माझ्यासाठी त्यांनी तो कमी केला. एका बोटानं उजवीकडे सरकत गेले, फोन वाचत गेला, आणि मला पहिल्यांदाच ऐकू आलं. शब्द आपले, पण बोलणारी बाई हिंदी. 'चहा'तला च 'चिमणी'तल्या च सारखा. हप्त्याची रक्कम आली 1,769 रुपये. बाई म्हणाली, "एक हज़ार सात सौ उनहत्तर".

"हे बघ की पोरी," मास्तर म्हणाले, "गेल्या महिन्यात मी पोराला एकाहत्तर सांगितलं. हत्तर ऐकलं की आपल्या कानाला सत्तरच्या पुढचंच वाटतंय. दोन रुपये जास्त भरले."

दोन रुपयांचं काही नाही. पण फोनचा आवाज त्यांनी मराठीच ठेवला होता, तो त्यांनी मला उघडून दाखवला. म्हणजे चूक फोनची नव्हती.

मी लॅपटॉप काढला. पानाच्या कोडमध्ये सुरुवातीच्याच एका ओळीत भाषेचं नाव द्यावं लागतं, दोन अक्षरांचं: मराठीला एमआर, कन्नडला केएन, हिंदीला एचआय. वाचक-यंत्र ते बघून आवाज निवडतं. आमच्या मराठी पानावर एचआय होतं. कन्नड पान बरोबर होतं, कारण ते करताना लिपीच वेगळी, सगळं बारकाईनं बघितलेलं. मराठी पान मात्र एका हिंदी साच्यावरून उचललेलं, अक्षरं तीच दिसतात म्हणून ती ओळ तशीच राहिली. उचलणारी मीच.

साधनाला दोष देऊन उपयोग नाही. भाषा लिहिली आहे का आणि तो कोड खरा आहे का, एवढंच ते बघतं. खाली मजकूर कुठल्या भाषेतला, हे त्याला कळत नाही. आणि डोळस माणसाला ती नोंद दिसतच नाही. आमच्या बेळगावात दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून काय काय झालंय ते इथं सगळ्यांना माहीत आहे. आणि मराठी माणसांनी मराठी माणसांसाठी केलेल्या पानावर वर्षभर हिंदीची पाटी लटकत होती, कुणाच्या नजरेला न पडता.

मास्तरांच्या सूनबाईंनी चहा आणला. तो निवायच्या आत दोन अक्षरं बदलून झाली. शाखांची नावं मात्र मराठी पानातही कन्नड लिपीत होती, त्या तुकड्यांना वेगळं केएन लावलं. एकाच पानात दोन भाषा असल्या की प्रत्येकीची नोंद वेगळी करावी लागते.

मास्तरांनी पान परत उघडलं. "एक हजार सातशे एकोणसत्तर." त्यांनी बोट तिथंच ठेवून ते दोनदा ऐकलं. मग पुढे सरकले.

"बटन, बटन," फोन म्हणाला.

"हे कसलं गं?"

मी स्क्रीन बघितली. पावती उतरवून घ्यायचं चिन्ह होतं. त्याला नाव दिलेलं होतं: 'बटन'. म्हणून तर साधनानं हिरवी खूण दिली होती.

"पुढे अजून किती असली आहेत, बघूया की," म्हणत मास्तरांनी बोट पुढे सरकवलं. मी वही उघडली.