पाण्याचं तापमान

हॉस्पिटलमधल्या रेडिओथेरपीच्या मशीनचं मासिक आउटपुट, म्हणजे ते किती किरण देतं, हे मोजताना मी पाण्याचं तापमान लिहायच्या जागी खोलीचं तापमान लिहिलं. चूक एवढीच. या गोष्टीला बरेच महिने झाले, पण आमच्या फिजिक्स टीमचं काम त्या दिवसापासून बदललं, म्हणून सविस्तर लिहून ठेवते आहे.

रेडिओथेरपीत कॅन्सरच्या पेशंटला रोज ठरावीक डोस दिला जातो. नेहमीच्या पद्धतीत तो २ ग्रे असतो. १ ग्रे म्हणजे एका किलोमागे १ ज्यूल ऊर्जा. २ ग्रेनं पाणी किती तापतं, तर अर्ध्या सहस्रांश अंशाच्याही किंचित कमी. हाताला काही कळत नाही, डोळ्यांना काही दिसत नाही, पेशंटला त्या क्षणी काही जाणवत नाही. किरण किती आले हे सांगणारं कुणीतरी लागतं, आणि ते सांगण्याची जबाबदारी आम्हा फिजिसिस्टांची. पेशंट डॉक्टरांना ओळखतात, रोज टेबलवर झोपवणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टना ओळखतात. आम्हाला बहुतेक जण ओळखत नाहीत.

आउटपुट मोजायचं तर पाण्याच्या टाकीत, पृष्ठभागाखाली ठरलेल्या अंतरावर, किरण मोजणारा आयन चेंबर ठेवायचा. आमच्या फार्मर प्रकारच्या चेंबरच्या पोकळीत जेमतेम ०.६ घन सेंटिमीटर हवा असते. किरणांमुळे त्या हवेत जो विद्युतभार तयार होतो तो इलेक्ट्रोमीटर मोजतो. हवा गरम असली की विरळ होते, पोकळीत तिचे रेणू कमी राहतात आणि भारही कमी जमा होतो. म्हणून तापमान आणि हवेचा दाब मोजून आकड्यात दुरुस्ती करावी लागते. तीन अंशांची चूक म्हणजे डोसमध्ये साधारण एक टक्क्याची चूक. हे आम्ही शिकाऊ मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. मीच शिकवते.

त्या शनिवारी टाकीत पाणी ताजं भरलेलं होतं, २१ अंशांचं. भिंतीवरच्या थर्मामीटरवर २४ होते. पाणी खोलीच्या तापमानाला यायला वेळ द्यावा लागतो, आणि तो देता येत नसेल तर थर्मामीटर पाण्यात सोडावा लागतो. मी दोन्ही केलं नाही. आठवडाभर एका मशीनच्या बिघाडामागे धावले होते आणि हे एकच काम उरलं होतं. २४ लिहिले आणि पुढे गेले.

आकडा आला +१.९ टक्के, म्हणजे मशीन ठरलेल्यापेक्षा तेवढे जास्त किरण देत होतं. आमची मासिक मर्यादा २ टक्क्यांची. मर्यादेला इतकं टेकलेलं मशीन सोमवारवर ढकलायचं नाही म्हणून मी आउटपुट १.९ टक्क्यांनी खाली आणलं. पुन्हा मोजलं, शून्य आलं. माझ्या सहकाऱ्यानं फॉर्म तपासला. त्यानं तापमानाचा रकाना पाहिला, मान वर करून भिंतीवरचा थर्मामीटर पाहिला, २४ जुळले, सही केली. यात त्याचा दोष मी काडीचाही मानत नाही. मी जिथं पाहिलं होतं तिथंच त्यानं पाहिलं. दोन सह्या झाल्या, तपासणी एकदाही झाली नाही.

प्रत्यक्षात मशीन +०.९ वर होतं. मी ते उणे १ वर नेऊन ठेवलं.

सोमवारी सकाळी पहिला पेशंट आत येण्याआधी रोजची तपासणी झाली. ती वेगळ्या उपकरणावर होते आणि तिची मर्यादा ३ टक्के आहे. उणे १ म्हणजे हिरवा दिवा. मंगळवारी हिरवा दिवा, बुधवारीही हिरवा.

बुधवारी संध्याकाळी टीममधली सगळ्यात नवीन मुलगी माझ्या टेबलापाशी आली. तिच्या हातात एक कागद होता.

"मॅडम, एक विचारू का? कदाचित माझंच काहीतरी चुकत असेल."

तिनं मागच्या अकरा महिन्यांचे आकडे काढले होते. दर महिन्याच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे मासिक मोजणीचा आकडा आणि त्याच दिवशीचा सकाळच्या तपासणीचा आकडा, शेजारीशेजारी. अकराच्या अकरा महिने दोघांत फरक ०.३ टक्क्यांच्या आत. या शनिवारी सकाळच्या उपकरणानं +०.९ दाखवले होते आणि माझ्या चेंबरनं +१.९. एक टक्क्याचा फरक कुठून आला, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी कागदाकडे पाहत राहिले. २४ हा आकडा समोर आला आणि मला टाकी भरतानाचं गार पाणी आठवलं.

"तुझ्या कधी लक्षात आलं हे?"

"सोमवारी सकाळी."

"मग आज का सांगतेस?"

ती जरा थांबली. "कॅलिब्रेशन तुम्ही केलं होतं ना, मॅडम. मला वाटलं, काहीतरी कारण असेल."

शेवटचा पेशंट गेल्यावर आम्ही दोघींनी मशीन पुन्हा मोजलं, थर्मामीटर पाण्यात ठेवून. उणे एक. जागेवर आणलं, पुन्हा मोजलं, मग दुसऱ्या चेंबरनं मोजलं. रात्री मी त्या तीन दिवसांत त्या मशीनवर आलेल्या प्रत्येक पेशंटची यादी केली आणि सकाळी डॉक्टरांसमोर ठेवली. चूक कुणाची, या रकान्यात माझं नाव लिहिलं. तीस दिवसांच्या उपचारात तीन दिवस एकेक टक्का कमी, म्हणजे एकूण डोसमध्ये एक सहस्रांश. पेशंटच्या शरीरात पोहोचलेला एकूण डोस पाच टक्क्यांच्या आत अचूक असावा, असं आयसीआरयू या किरण मोजण्याचे निकष सुचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं १९७६ सालीच म्हटलं आहे, आणि त्या हिशेबात हा फरक कुठेच दिसत नाही. कुणाच्याही उपचाराला धक्का लागला नव्हता. डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि ते बरोबरच होतं.

तरी मला त्या रात्री झोप लागली नाही. एक टक्का माझ्या डोक्यातून निघून गेला होता. "तुम्ही केलं होतं ना, मॅडम" हे वाक्य मात्र जात नव्हतं. म्हणजे आमच्या विभागात माझी चूक शोधायला इतरांच्या चुकीपेक्षा दोन दिवस जास्त लागतात. आणि ती एक टक्क्याची असायला हवी असं काही नव्हतं.

आमच्या क्षेत्रात एक जुनी घटना आहे, मी ती प्रत्येक नव्या माणसाला सांगते. इंग्लंडमधल्या नॉर्थ स्टॅफर्डशायरमध्ये १९८२ साली उपचारांच्या नियोजनासाठी नवी संगणकप्रणाली आली. त्याआधी, किरणांच्या स्रोतापासून पेशंट नेहमीपेक्षा कमी अंतरावर असला की तिथली माणसं हातानं हिशेब करून दुरुस्ती करत. नवी प्रणाली ती दुरुस्ती आतल्या आत स्वतःच करत होती. हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि माणसं आपली जुनी दुरुस्ती करतच राहिली. एकच गोष्ट दोनदा वजा होत राहिली. १९९१ साली आणखी नवी प्रणाली आली, आकडे जुळेनात, तेव्हा उलगडा झाला. तोवर सुमारे हजार पेशंटना ५ ते ३० टक्क्यांपर्यंत कमी डोस गेला होता.

नऊ वर्षं. डोस जास्त झाला तर कातडी लाल होते, तोंड सोलतं, कुणीतरी विचारतं. कमी झाला तर पेशंटला उलट बरं वाटतं. गाठ परत आली तर तो आजाराचा दोष ठरतो. माझीही चूक कमी डोसाच्याच बाजूची होती, हे त्या रात्री सारखं मनात येत होतं.

पुढच्या सोमवारी मी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि त्या नव्या मुलीचा कागद भिंतीवर लावला. काय झालं ते मी स्वतः सांगितलं, पहिल्या चुकीपासून. मग नियम बदलले. मासिक मोजणी आता दोघं स्वतंत्रपणे करतात. दुसऱ्यानं पहिल्याचा फॉर्म पाहायचा नाही, कोरा घ्यायचा, तापमान आणि दाब स्वतः वाचायचे, चेंबर स्वतः बसवायचा. दोन्ही फॉर्म पूर्ण झाल्यावरच शेजारी ठेवायचे. सकाळच्या उपकरणाचा आकडा त्याच पानावर लिहायचा, म्हणजे तिघांची साक्ष एकत्र दिसते. याला पाऊण तास जास्त लागतो. तो पाऊण तास मिळवायला मला प्रशासनाशी तीन बैठका कराव्या लागल्या आणि मी त्या केल्या. बाहेरच्या साक्षीची गरज यानं संपत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालानं छोटे डोसमापक पाठवून जगभरच्या मशीनची पडताळणी करतात, ती आपल्या भिंतींच्या आत सापडत नाही अशाच चुकीसाठी.

कागदावरचे नियम सोपे होते. नव्या माणसानं मशीन थांबवायचं आणि वरिष्ठांनी ते थांबू द्यायचं, हे अवघड होतं.

काही आठवड्यांनी तीच मुलगी दुपारी फोनवर म्हणाली, "मॅडम, मी एक प्लॅन थांबवलाय." प्लॅन म्हणजे पेशंटला किरण कुठून आणि किती द्यायचे याचा आराखडा. घशाच्या कॅन्सरचा पेशंट. उपचार चालू असताना त्यांचं वजन उतरलं, डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला मास्क सैल झाला, म्हणून नवा मास्क, नवा सीटी स्कॅन आणि नवा प्लॅन करावा लागला होता. प्रत्येक प्लॅनचा डोस आम्ही दुसऱ्या स्वतंत्र सॉफ्टवेअरवर पडताळतो. दोन्हींत ३ टक्क्यांपर्यंतचा फरक आम्ही चालवून घेतो, इथं ४च्या वर होता. पेशंट कॉरिडॉरमध्ये बसून होते. सोबत मुलगा होता, तो अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, थांबवणं म्हणजे सुरक्षित बाजू. तसं नसतं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये उपचार एकेका दिवसानं लांबत गेला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता दिवसामागे साधारण एक टक्क्यानं घटते, असं अभ्यास सांगतात. मधल्या काळात गाठीच्या पेशी वाढत राहतात. म्हणून थांबवण्याची किंमतही पेशंटच मोजतो. हे तिला माहीत होतं आणि तरी तिनं थांबवलं होतं. तिचा आवाज कापत होता.

कारण काय सापडेल हे मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हाच तिला सांगितलं, "बरोबर केलंस. मी येते." कारण सापडल्यावर शाबासकी दिली असती तर ती निकालाला मिळाली असती. मला ती थांबवण्याला द्यायची होती.

शोधायला तीन तास लागले. प्लॅन ठीक होता. पडताळणीच्या सॉफ्टवेअरनं जुना, वजन उतरण्याआधीचा स्कॅन उचलला होता. चूक तपासणीत होती. तोवर मशीनवरची त्यांची वेळ गेली होती आणि त्या दिवशी उपचार झाला नाही. मी स्वतः कॉरिडॉरमध्ये गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि खरं काय ते सांगितलं. ते बोलू शकत नव्हते, घसा सुजलेला होता. मुलानं एकच विचारलं, "आता एक दिवस कमी होणार का?" नाही. गेलेला दिवस भरून काढायला नंतर एके दिवशी दोनदा उपचार दिले, मध्ये सहा तासांपेक्षा जास्त अंतर ठेवून, म्हणजे निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो. त्या दिवशी ते दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलमध्ये होते. त्यांचा तो दिवस आमच्या तपासणीपायी गेला, आणि मला तो विसरायचा नाही.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या महिन्यात ट्रीटमेंट टेबलवर झोपायला लावते. किरण अर्थातच बंद. त्याचा स्वतःचा मास्क बनवायचा. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढायची, ती गार होऊन आवळत जाते. मग मास्क टेबलला पक्का करायचा, दिवे मंद करायचे आणि पंधरा मिनिटं खोलीत एकटं सोडायचं. गँट्री, म्हणजे मशीनचा मोठा हात, डोक्यावरून फिरते, तिचा घरघर आवाज येतो, गिळायला त्रास होतो. बाहेर आल्यावर बहुतेक जण काही वेळ बोलत नाहीत. मीही हे केलं आहे, आणि दोन वर्षांतून एकदा पुन्हा करते.

आता मासिक मोजणीत पहिली ती मुलगी असते आणि दुसरी मी. मागच्या वेळी आमच्या दोघींच्या आकड्यांत ०.३ टक्क्यांचा फरक आला. मर्यादेच्या कितीतरी आत, पण एरवी आमचे आकडे ०.१च्या आत जुळतात. तासभर शोधलं. तापमान दोघींचं जुळत होतं, चेंबर पाण्यात किती खाली आहे तेही जुळत होतं. शेवटी दाबाच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं. तिनं दाब सकाळी दहाला वाचून ठेवला होता, चेंबर लावला दुपारी. मी चारला वाचला होता. हवेचा दाब दिवसभरात वरखाली होतो आणि त्या दिवशी दोन वेळांमध्ये ३ हेक्टोपास्कलचा फरक होता. हिशेब बरोबर बसला.

फॉर्मवर दाबाच्या रकान्याशेजारी आता वेळेचाही रकाना आहे. तो तिनं आखला.